सर्दी गेली, छाती का आवळते?

सर्दी चार-पाच दिवसांत ओसरते, ताप उतरतो, माणूस कामाला लागतो. मग खोकला मान वर काढतो. जिना चढताना धाप लागते, रात्री पाठ टेकली की छाती आवळल्यासारखी वाटते, शेजारी मिरचीची फोडणी पडली तरी ठसका आवरत नाही. घरोघरी निदान ठरलेलं असतं: सर्दी छातीत उतरली, गोळ्यांचा कोर्स कमी पडला.

बहुतेकांच्या बाबतीत हे खरं नसतं. ऱ्हायनोव्हायरससारखे विषाणू श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला इजा करतात. शरीर त्यांचा बंदोबस्त लवकर करतं, पण अस्तर भरून यायला वेळ लागतो. खरचटलेला गुडघा जसा काही दिवस हुळहुळतो, तशाच या नळ्या हुळहुळत असतात. थंड हवा, उदबत्तीचा धूर, अगदी मोठ्याने हसणंही त्यांना पुरतं. भोवतीचे स्नायू आकसतात, हवेची वाट अरुंद होते आणि छाती जड वाटते. हे सहा ते आठ आठवडे चालू शकतं.

इतका वेळ लागेल, याची कल्पनाच नसते. ब्राँकायटिसच्या खोकल्यावरचा एक अमेरिकी अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. खोकला सात ते नऊ दिवसांत जाईल अशी लोकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो सरासरी १८ दिवस टिकत होता. या मधल्या दिवसांतच ‘जरा स्ट्राँग अँटिबायोटिक द्या’ असा आग्रह होतो. विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. खोकला आपल्या गतीने जातो आणि श्रेय गोळीला मिळतं.

बेडका हिरवा-पिवळा पडला म्हणजे जंतुसंसर्ग, हीही अशीच पक्की समजूत. तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट विकराचा असतो. विषाणूंशी लढतानाही त्या पेशी तिथे जमतात, त्यामुळे नुसत्या रंगावरून काहीच ठरत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज मात्र पंपाचा. ‘एकदा लागला की सुटत नाही’ या भीतीने इनहेलर नाकारला जातो आणि श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या साल्ब्युटामॉलची गोळी किंवा तेच औषध असलेलं सिरप बिनधास्त घेतलं जातं. गोळी ४ मिलिग्रॅमची असेल, तर पंपाच्या एका दाबात असतात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळिसावा भाग. गोळीतलं औषध रक्तातून सगळीकडे फिरतं, म्हणून हात थरथरतात, छातीत धडधडतं. पंपातलं थेट नळ्यांत पोचतं. त्याचं व्यसन लागत नाही. सर्दीनंतर प्रत्येकाला पंप लागतो असंही नाही, ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. पण दिला असेल तर तो नीट ओढायला हवा: हलवून घ्यायचा, श्वास पूर्ण सोडायचा, पंप एकदा दाबतानाच तो सावकाश आत ओढायचा आणि दहापर्यंत आकडे मोजत रोखायचा. घाईत ओढलं की बरंचसं औषध घशातच अडकतं. मुलांना आणि वृद्धांना पंपाला स्पेसर, म्हणजे पोकळ नळा, लावून देणं सोपं.

दर सर्दीला छाती भरत असेल, पहाटे घरघर ऐकू येत असेल, तर दम्याची शंका घ्यायला हवी. स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी, बऱ्या दिवशी नॉर्मल येऊ शकते. एका रिपोर्टवर दमा नाही असं म्हणता येत नाही.

लहानांच्या बाबतीत खोकल्याचं औषध निरुपद्रवी मानणं जिवावर बेततं. २०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात विषारी भेसळ असलेल्या सिरपने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार सुरू होते. दोन वर्षांखालच्या मुलांना अशी औषधं देऊच नयेत, पाच वर्षांखालीही सहसा टाळावीत, असं केंद्राने त्यानंतर बजावलं.

‘आपोआप जाईल’ म्हणत महिनोन्‌महिने बसणंही तितकंच चुकीचं. खोकला दोन आठवड्यांवर गेला की भारतात क्षयासाठी बेडका तपासायचा असतो, सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत तपासतात. रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा रामिप्रिल सुरू असेल, तर कोरडा खोकला त्या गोळीचाही असू शकतो. ती मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावं. बेडक्यात रक्त, पुन्हा चढणारा ताप किंवा घटणारं वजन असेल तर थांबू नये. आणि बसल्या जागी धाप लागते, वाक्य पुरं होत नाही, ओठ निळसर दिसतात किंवा छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे सरकते, अशा माणसाला सकाळच्या ओपीडीपर्यंत न थांबवता तातडीने रुग्णालयात न्यावं.