हाताने घडवलेल्या काचमण्यांची सफाई आणि एचिंग

ज्योतीवर बनवलेल्या काचमण्यांना समुद्रकाचेसारखी मंद, मऊ झळाळी फार शोभते. पण रसायनाने काचेचा पृष्ठभाग खरवडून, म्हणजेच एचिंग करून, ती आणताना काळजी हवीच.

१) आधी भोक साफ करा. काच सळईला चिकटू नये म्हणून लावलेला लेप मण्याच्या आत उरतो. मणी पाण्यात बुडवून ठेवा आणि डायमंड रीमर (हिऱ्याचे कण लावलेली बारीक कानस) भोकात पाण्याखालीच फिरवा. कोरडं घासू नका; त्या लेपाची धूळ फुप्फुसांसाठी घातक असते.

२) एचिंगची क्रीम आणि द्रावणं यांत बहुधा फ्लोराइडचे क्षार असतात. फ्लोराइड त्वचेतून आत शिरतं आणि वेदना कधीकधी काही तासांनी सुरू होतात. म्हणून रबरी हातमोजे, बंदिस्त गॉगल आणि मोकळी हवा हवीच. या क्रीममध्ये किंवा द्रावणात कोणतंही आम्ल मिसळू नका.

३) भांडं प्लास्टिकचंच वापरा, काचेचं नको. वेळ बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे पाळा. नंतर भरपूर पाण्याने धुऊन खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा आणि पुन्हा धुवा.

४) त्वचेला लागलं तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा, दवाखाना गाठा आणि ‘फ्लोराइड’ हा शब्द डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेट जेल वापरतात.

घरात लहान मुलं असतील तर रसायन आणूच नका. टंबलरमध्ये (फिरत्या पिंपाच्या यंत्रात) सिलिकॉन कार्बाइडची पूड आणि पाणी घालून मणी फिरवले तरी सुंदर मॅट पोत येतो. नवशिक्यांनी सुरुवात तिथूनच करावी.