चौकट : वाफेचं हवाई जहाज, फ्लॅटमधल्या टेबलावर

स्टीमपंक हवाई जहाज कल्पनेतलं असलं, तरी त्याचा पूर्वज खरा आहे. २४ सप्टेंबर १८५२ रोजी आँरी जिफारने पॅरिसहून वाफेच्या इंजिनावर सुमारे २७ किलोमीटर उड्डाण केलं. जहाजाची लांबी ४४ मीटर, इंजिन जेमतेम ३ अश्वशक्तीचं. वर ज्वालाग्राही वायू आणि खाली पेटती भट्टी, म्हणून धुराड्याचं तोंड त्याने चक्क जमिनीकडे वळवलं. मॉडेलमध्ये हे उलटं धुराडं हवंच. जिफारची सगळी अक्कलहुशारी त्यात दिसते.

१:७२ प्रमाणात लांबी ६१ सेंटिमीटर भरते, मधला घेर सुमारे ५२. त्यावर १६ कागदी पाकळ्या चढवायच्या तर प्रत्येकीची मधली रुंदी सव्वातीन सेंटिमीटर, शिवाय चिकटवायला दोन मिलिमीटर जास्त. सांगाडा बाल्साचा, वरून टिश्यू पेपर आणि पाणी घालून पातळ केलेला फेव्हिकॉल. वाळताना कागद आपोआप ताणला जातो. पावसाळी हवेत मात्र घाई नको. रिव्हेट म्हणजे टूथपिकच्या टोकाने ठेवलेले फेव्हिकॉलचे बारीक थेंब, सुकल्यावर पितळी रंग.

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर राहणाऱ्यांना एलईडी आणि छोट्या मोटरींसाठी शहरातला एसपी रोड आहेच. बॉयलर, धुराडं असे गोल भाग मैसूर रस्त्यावरच्या चन्नपट्टणच्या खेळणी कारागिरांकडून कातून घेता आले तर फारच उत्तम. तिथलं पारंपरिक लाकूड म्हणजे आपला काळा कुडा : मऊ, पांढुरकं, बारीक पोताचं. आणि फुग्याखालच्या पाळण्यात उभा करायचा चालक, त्याच १:७२ प्रमाणात, २.४ सेंटिमीटरचा.