फेसलिफ्टसाठी शल्यचिकित्सक निवडताना पाटी नव्हे, पदवी पाहा

नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरतच्या पांडेसरा भागात एका नव्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाचे थाटात उद्घाटन झाले. निमंत्रणपत्रिकेवर शहरातील वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांची नावे छापलेली होती. दुसऱ्याच दिवशी त्या रुग्णालयाला टाळे लागले. संस्थापकांपैकी काही जण बोगस डॉक्टर असल्याचे पोलिसांनी सांगितले. पुढच्याच महिन्यात सुरत पोलिसांनी बनावट वैद्यकीय पदव्या विकणारी टोळी पकडली. सुमारे ७० हजार रुपयांत मिळणाऱ्या अशा जवळपास १,२०० पदव्यांची नोंद तपासात हाती लागली.

या दोन्ही प्रकरणांचा सौंदर्यशस्त्रक्रियेशी थेट संबंध नव्हता. मात्र चकचकीत पाटी, भिंतीवरील प्रमाणपत्र आणि मान्यवरांची नावे यांपैकी काहीही डॉक्टरच्या पात्रतेचा पुरावा ठरत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. फेसलिफ्टसारखी शस्त्रक्रिया तर आजारामुळे नव्हे, तर स्वेच्छेने केली जाते. त्यामुळे चौकशीला पुरेसा वेळ असतो आणि तो वापरणे रुग्णाच्याच हिताचे असते.

फेसलिफ्ट हा ‘ब्युटी ट्रीटमेंट’चा प्रकार नाही. कानशिलापासून कानाच्या पुढून मागपर्यंत छेद घेऊन त्वचा उचलली जाते, तिच्याखालील स्नायू-आवरणाचा थर ताणून बसवला जातो आणि उरलेली त्वचा काढून टाकली जाते. याच थराखालून चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा जातात. त्यांना इजा झाल्यास भुवई उचलणे किंवा हसणे कठीण होऊ शकते. त्वचेखाली रक्त साकळणे ही यातील सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत असून तिचा धोका पहिल्या २४ तासांत विशेष असतो. अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना तो अधिक संभवतो. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो व जखम भरण्यास अडथळा येतो. म्हणून ते काही आठवडे आधीच बंद करण्यास सांगितले जाते.

भारतात प्लास्टिक सर्जन होण्याचा नेहमीचा मार्ग एमबीबीएस, त्यानंतर सामान्य शल्यशास्त्रातील एमएस आणि पुढे तीन वर्षांचा प्लास्टिक सर्जरीतील एमसीएच असा आहे. याच विषयातील राष्ट्रीय परीक्षा मंडळाची पदवीही मान्यताप्राप्त आहे. ‘कॉस्मेटिक सर्जन’ हे मात्र अशा पदवीचे नाव नव्हे. ते पाटीवर दिसल्यास त्यामागे नेमके कोणते शिक्षण आहे, हे विचारलेच पाहिजे. बोटॉक्स, फिलर वा लेझर उपचारांतील कौशल्य म्हणजे फेसलिफ्टचे प्रशिक्षण नव्हे.

पडताळणी अवघड नाही. डॉक्टरचा नोंदणी क्रमांक मागून घ्यावा व तो राज्य वैद्यकीय परिषदेच्या किंवा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोंदवहीत पाहावा. सुरतमधील डॉक्टरसाठी गुजरात वैद्यकीय परिषद, तर गोव्यातील डॉक्टरसाठी गोवा वैद्यकीय परिषद. नाव, पदवी आणि क्रमांक यांचा मेळ बसला पाहिजे.

त्यानंतर प्रश्न अनुभवाचे. गेल्या वर्षभरात स्वतः किती फेसलिफ्ट केल्या? गुंतागुंत किती जणांना झाली आणि ती कशी हाताळली? भूलतज्ज्ञ कोण असेल? रात्री रक्तस्राव झाला तर शस्त्रक्रियागृह आणि डॉक्टर उपलब्ध असतील का? आधीच्या रुग्णांची छायाचित्रे पाहावीत, पण ती एकाच प्रकाशात आणि एकाच कोनातून घेतलेली आहेत का, हेही पाहावे. पहिल्याच भेटीत आगाऊ रक्कम मागणारा किंवा ‘आजच ठरवा, सवलत मिळेल’ असे सांगणारा दवाखाना टाळलेला बरा. जो शल्यचिकित्सक धोके मोकळेपणाने सांगतो आणि प्रसंगी ‘तुम्हाला याची गरज नाही’ असेही म्हणतो, तो अधिक विश्वासार्ह.

गोव्याबाहेर शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब मांडावा. टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा ते दहा दिवस, त्याच शहरात मुक्काम हवा. त्यानंतरच्या तपासण्या कोण करणार, हेही आधी लेखी ठरवून घ्यावे. कमी दराच्या मोहाने प्रवास करणाऱ्याला दुरुस्तीची शस्त्रक्रिया मूळ खर्चापेक्षा महाग पडू शकते, आणि मज्जातंतूला झालेली इजा तर दर वेळी भरून निघतेच असे नाही.