कुलूप मोडण्यापूर्वी

मोशी-चाकण पट्ट्यात भाड्याच्या खोलीत राहणारा मराठवाड्याचा किंवा बिहारचा कामगार आता गावी पत्र धाडीत नाही. पगाराचा निरोप, घरातील आजारपण, पोरीच्या स्थळाची बातमी, सारे व्हॉट्सॲपवरून जाते. हा निरोप पाठविणाऱ्याच्या फोनमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनमध्ये उघडतो. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. २०१६ पासून ही व्यवस्था तेथे सर्वांसाठी लागू झाली. पोलिसांची तक्रार नेमकी हीच आहे, आणि ती पोकळ म्हणून झटकून टाकण्याजोगी नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, ऐन आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांना मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. अफवा फोनवरून पसरल्या होत्या. असल्या हत्यांच्या पार्श्वभूमीवर केंद्र सरकारने अफवेचा उगम शोधून देण्याची मागणी कंपन्यांकडे लावून धरली. पुढे २५ फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या संदेशसेवांवर, गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत, संदेशाचा पहिला कर्ता ओळखता येईल अशी सोय ठेवण्याचे बंधन घातले.

मागणी वरवर रास्त वाटते. परंतु कोणता संदेश उद्या गुन्ह्याचा ठरेल हे आज कोणाला ठाऊक असणार? म्हणून एकाचा माग ठेवायचा तर सर्वांच्या संदेशांवर खूण करून ठेवणे आले. एवढे करूनही हाती काय लागेल, हा प्रश्न उरतोच. त्या काळी देशभर फिरलेली मूल पळविण्याची एक चित्रफीत वस्तुतः कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या प्रचारासाठी तयार केली होती. तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कोणीतरी कापून टाकला. उगम परदेशात असेल तर भारतात जो पहिला भेटेल त्यालाच पहिला कर्ता मानावे, असे आपले नियम सांगतात! घाबरून चार शेजाऱ्यांना सावध करणारी एखादी आईदेखील या व्याख्येत बसेल. व्हॉट्सॲपने या नियमाला मे २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि कुलूप मोडण्याची सक्ती झाल्यास आपल्याला येथून जावे लागेल, असे तिच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये सांगितले. कंपनीचा स्वतःचा स्वार्थ यात आहेच. पण तेवढ्याने मुद्दा खोटा ठरत नाही.

पोलिसांसाठी ठेवलेले दार पोलिसांपुरतेच राहात नाही, याचा अनुभव अमेरिकेने नुकताच घेतला. तेथील दूरध्वनी कंपन्यांमधील कायदेशीर टेहळणीच्या यंत्रणेतच चिनी घुसखोर शिरल्याचे २०२४ मध्ये उघड झाले, आणि डिसेंबरात सरकारी अधिकाऱ्यांनाच लोकांना कुलूपबंद संदेशसेवा वापरण्याचा सल्ला देण्याची पाळी आली.

आपल्याकडे तर दारावर पहाराही तोकडा आहे. फोन ऐकण्याचा आदेश गृहसचिव देतात आणि त्याची तपासणी सचिवांचीच समिती करते. न्यायाधीशाची पूर्वसंमती सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आवश्यक मानली नाही. इंग्लंडात २०१६ च्या कायद्याने ती आवश्यक केली. या उणिवेची किंमत मुंबईच्याच एका प्रकरणात दिसते. लाचलुचपतीच्या तपासासाठी एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन आदेश निघाले होते. तार कायद्याला हवी असलेली सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांपैकी काहीही तेथे नव्हते, असे मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी ठरविले, आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. त्यांतील पहिला आदेश २००९ चा होता.