हरवलेलं कासव शोधायचं कुठं, आणि सापडल्यावर करायचं काय?



बचत गटाच्या बैठकीत हिशोब आटोपला की घरच्या गोष्टी निघतातच. परवा एका ताईनं विचारलं, "सांदवाडीत जाळी लावून कासव ठेवलं होतं. दोन दिवस झाले, दिसत नाही. पोरगं जेवत नाही. शोधू कुठं?" दुसरी म्हणाली, "कासवच ते, जाऊन जाऊन जाईल कुठं!" आज याच विषयावर बोलू.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. कासव हळू चालतं खरं, पण रस्ता मोकळा असला तर तासाभरात गल्ली ओलांडून जातं. तरीही बहुतेक वेळा ते जवळच असतं. ते पळून जात नाही, लपून बसतं. त्याच्या अंगात आपल्यासारखी ऊब तयार होत नाही. अंग तापवायला ऊन लागतं आणि ऊन सोसेनासं झालं की सावली लागते. म्हणून त्याचा शोध उन्हाच्या हिशोबानं घ्यायचा.

आपल्या अकोल्या-अमरावतीकडं वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत कासव सकाळी आणि ऊन उतरल्यावर फिरतं. दुपारी ते थंड, अंधाऱ्या जागी निपचित पडून असतं. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि संध्याकाळी शोधा. हिवाळ्यात उलट करा. सकाळच्या गारठ्यात ते हलत नाही, त्यामुळं दुपारच्या उन्हात बघा. पावसाची सर येऊन गेली की दडलेलं कासव बऱ्याचदा आपणहून बाहेर येतं. तेव्हा एक चक्कर नक्की मारा.

आता शोधायचं कसं?

पहिलं काम म्हणजे कुत्रं बांधा. आवारातला ट्रॅक्टर, गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून बघा. कुटाराचा, पऱ्हाट्या-तुराट्यांचा किंवा पालापाचोळ्याचा ढीग त्या दिवशी पेटवू नका, त्यात फावडंही घालू नका. हरवलेलं कासव मरतं ते जास्त करून चाकाखाली, कुत्र्याच्या तोंडी नाहीतर आगीत. शेजारीपाजारीही हे सांगून ठेवा.

दुसरं, आधी जाळीच्या आतच बघा. कासव माती उकरून स्वतःला गाडून घेतं. कुठं माती नव्यानं भुसभुशीत दिसते का? झाडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या भांड्याखाली, पाल्याखाली? माती हातानंच हळू बाजूला करा. मादी अंडी घालायला आली की बेचैन होते, कडेकडेनं फिरते, जागा उकरते. ती निसटण्याची शक्यता जास्त.

तिसरं, जाळीबाहेर पडलेलं कासव भिंतीच्या नाहीतर कुंपणाच्या कडेनं चालत राहतं आणि कोपऱ्यात अडकतं. म्हणून जिथून ते निघालं असेल तिथून दोन्ही बाजूंनी कड धरून बघत जा. न्हाणीच्या सांडपाण्याची नाली, गोठ्यातली गव्हाण, इंधनाचा ढीग, विटांचा थर, कण्हेरी-मेंदीची दाट झुडपं, पायरीखालची पोकळी, एकही जागा सोडू नका. हात घालण्याआधी काठीनं हलवा आणि बॅटरी मारा. कासवाला आवडणारी थंड जागा सापालाही आवडते आणि विंचवालाही.

चौथं, रात्री जिथं जिथं फट आहे तिथं चाळलेली माती किंवा राख पसरून ठेवा. सकाळी पायांच्या ठशांच्या दोन ओळी दिसल्या की दिशा कळते. जवळ काकडीचे काप, टरबुजाची फोड, जास्वंदीचं फूल ठेवा.

पाचवं, गटातल्या बाया गोळा करा. हात-हात अंतर ठेवून ओळीनं चाललं की अर्ध्या तासात अख्खं आवार बघून होतं. एकटीनं दिवसभर फिरूनही कोपरे राहून जातात.

आणि लवकर आशा सोडू नका. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरात १९८२ मध्ये घराचं काम सुरू असताना मान्युएला नावाचं कासव हरवलं. दार उघडं राहिलं असेल, बाहेर गेलं असेल, असं घरच्यांना वाटलं. २०१३ मध्ये माडीवरची अडगळ काढली, तर जुन्या सामानात ते जिवंत निघालं! वाळवी खाऊन जगलं असावं, असा अंदाज होता. एवढी वर्षं कासव घरातच होतं.

आता सापडल्यावर काय? इथंच जास्त घोटाळा होतो, म्हणून नीट ऐका.

आपल्याकडं लोकांच्या घरात मुख्यतः दोन प्रकारची कासवं दिसतात. एक जमिनीवरचं. त्याची पाठ उंच, टणक, काळपट, आणि तिच्यावर पिवळ्या चांदण्यांसारखी नक्षी असते. त्याला चांदणी कासव किंवा स्टार कासव म्हणतात. ते मूळचं राजस्थान-गुजरातच्या आणि दक्षिणेकडच्या कोरड्या झुडपी रानातलं. दुसरं पाण्यातलं. त्याची पाठ चपटी, गुळगुळीत, कातड्यासारखी असते आणि बोटांमध्ये पडदे असतात. हे आपल्या नदी-तळ्यांत आहे. पावसाळ्यात वावरात, धुऱ्यावर सापडतं ते हेच.

लोक काय करतात? चांदणी कासव सापडलं की पुण्य म्हणून विहिरीत नाहीतर नदीत सोडतात. त्याला पोहता येत नाही, ते बुडून मरतं. आणि पाण्यातलं कासव कोरड्या आवारात ठेवतात. ते सुकत सुकत जातं. काही जण बांधून ठेवायला पाठीला भोक पाडतात. ती पाठ म्हणजे वरून घातलेली पेटी नाही. त्याचा कणा आणि बरगड्या तिलाच जुळलेल्या असतात. भोक पाडलं की आपल्या हाडाला पाडल्यासारखं दुखतं.

कायद्याचंही सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. त्यातली नवी दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. ही दोन्ही कासवं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीनं. ती पकडणं, विकणं, विकत घेणं, घरी ठेवणं गुन्हा आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. "दुकानदारानं पावती दिली होती" म्हणून सुटका होत नाही.

मग कासव सापडलं की परत जाळीत ठेवायचं नाही. वनविभागाच्या १९२६ या नंबरवर फोन करायचा, किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवायचं. ते कुठून आलं, कधीपासून घरी आहे, जे खरं ते सांगायचं. एकटीला धीर होत नसेल तर गटातल्या दोघींना सोबत न्या. माणसं येईपर्यंत टोपल्यात किंवा हवेशीर खोक्यात ठेवा. चांदणी कासवाला खाली कोरडं कुटार घाला, पाण्यातल्या कासवाला ओलं गोणपाट. उलटं करू नका. हात लावला की साबणानं हात धुवा, पोरांचे तर आवर्जून धुवा, कारण कासवाच्या अंगावर हगवण लावणारे जंतू असू शकतात.

आणखी एक. कासव हरवल्याचा फोटो आणि पत्ता मोबाईलवर सगळीकडं पाठवू नका. "२० नखांचं कासव गुप्तधन दाखवतं" असं सांगून लाखोंचा व्यवहार करणारे ठग फिरत असतात. साधा हिशोब बघा. चांदणी कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, अशी सहसा १८ नखं असतात. पाण्यातल्या मऊ पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला तीन, म्हणजे १२. एखाद्याला दोन जास्त असली तरी ती नखंच, त्यानं जमिनीतलं सोनं दिसत नाही. असल्या नादात गटाच्या कर्जाचे पैसे घालवू नका. कोणी दारात आलंच तर पोलिसांना कळवा.

पोरं रडतील, हे खरं आहे. त्यांना सांगा, महादेवाच्या देवळात नंदीपुढं दगडाचं कासव असतं, त्याला आपण हात जोडतो. जिवंत कासवाला त्याचं रान, त्याचं पाणी मिळू देणं हाही नमस्कारच.

पुढच्या बैठकीत दोन कामं करा. १९२६ हा नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. आणि वावरातला, सांदवाडीतला कोणताही ढीग पेटवण्याआधी काठीनं हलवून बघायचं, असं सगळ्या जणी मिळून ठरवा. कासव असो, सरडा असो की मुंगसाचं पिल्लू, तेवढ्यानं एखादा जीव वाचेल.