'अ ते ज्ञ' पाठ झालं म्हणजे वाचता आलं असं नाही. लहान मुलांसाठी घरी एवढं करा

सारसोळे (नवी मुंबई) : वाचनाची सुरुवात डोळ्यांआधी कानांनी होते. ज्या मुलाने भरपूर शब्द ऐकलेत, त्याला ते छापलेले लवकर उमगतात. सारसोळ्यासारख्या आगरी-कोळी गावात घरी 'म्हावरं' म्हणतात, पुस्तकात 'मासे' येतात. मूल म्हावरं म्हणालं तर 'चुकलं' म्हणू नका. दोन्ही शब्द सांगा.

घरी काय कराल?

आवाजाचा खेळ : मासा, मीठ, मिरची, सुरुवातीचा आवाज कोणता? 'हो-डी' म्हणताना टाळ्या किती?

थोडी अक्षरं : आधी मुलाच्या नावातली दाखवा. क, म, ल आणि काना एवढ्यावरही काम, माल, मका, कला, कमाल हे शब्द होतात.

रोज दहा मिनिटं गोष्ट : आजीला वाचता येत नसलं तरी चालेल. तिने गोष्ट सांगावी, मध्येच 'पुढे काय झालं असेल?' विचारावं. वाचून दाखवणाऱ्याने ओळीखाली बोट फिरवावं.

मोबाइल : 'स्टोरीवीव्हर'वर मराठी गोष्टींची पुस्तकं मोफत आहेत. मात्र मोबाइल हातात देऊन उठू नका, शेजारी बसा.

तिसरीपर्यंत समजून वाचता आलं नाही, तर गणितातली शाब्दिक उदाहरणंही अडतात. म्हणूनच केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केलं.

दुसरीतही मूल साधे शब्द वाचत नसेल तर ओरडू नका. वर्गशिक्षकांना भेटा, डोळे-कान तपासून घ्या.