गणेशखिंडीत राणी राहत होती का?

गणेशखिंडीतील सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीला कुणी ‘सम्राज्ञी व्हिक्टोरियाचा महाल’ म्हटले, तर दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्यात: तिथे राहायचे कोण आणि किताब लागू कधी झाला. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात, १८६४ मध्ये, बांधायला घेतलेली ही वास्तू १८७१ मध्ये पुरी झाली. ती मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान होती. राणीने भारतात कधी पाऊलही ठेवले नाही. ‘सम्राज्ञी’ हा किताब १८७६ च्या कायद्याने आला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात जाहीर झाला.

१८५८ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीची मालमत्ता राणीच्या नावे झाली होती, मग महाल का म्हणू नये, असे कुणी विचारील. पण ती मालमत्ता राज्यकारभारासाठी होती. सातबाऱ्यावर नाव असणे आणि घरात नांदणे एक नव्हे. किताबाचा शेवटही असाच पारखावा लागतो. १५ ऑगस्ट १९४७ ला तो आपोआप गळाला नाही. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जने ‘भारतसम्राट’ हा किताब २२ जून १९४८ रोजी अधिकृतपणे सोडला, तरी प्रजासत्ताक होईपर्यंत, म्हणजे २६ जानेवारी १९५० पर्यंत, भारताचा राजा तोच होता. पाटीवरचे नाव पुरावा ठरत नाही. कायद्याची तारीख आणि वास्तूचा वापर, दोन्ही जुळले तरच दावा मान्य करावा.